मोटारीची वाटचाल आणि आपला ऊस

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा, खत आणि पाणी यांबद्दल बोलतो. या अंकात विषय मोटारगाडीचा घेतला आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने हे काय मधेच काढले, असे काही सभासदांना वाटेल. पण आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस भागांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि त्यातला एक वाटा उसाचा असतो. म्हणजे आपल्या शिवारापासून दूर, मुंबई-दिल्लीच्या रस्त्यावर धावणारी गाडीसुद्धा आता उसाचे गिऱ्हाईक झाली आहे. म्हैस विकत घेताना आपण ती कितव्या वेताची, तिच्या आईला दूध किती होते, हे विचारून घेतो. मग एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची कुळकथा विचारायला काय हरकत आहे?

जर्मनीतील कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले. मोटारीचा जन्म साधारण त्या दिवसापासून धरतात. गाडी तर झाली, पण लोक विकत घेईनात. घोडा आहे, बग्गी आहे, मग हे फटफटणारे यंत्र कशाला? शेवटी १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था हिने नवऱ्याला न सांगता दोन पोरांना बरोबर घेतले, गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून शंभर किलोमीटरच्या वर असलेल्या फोर्त्सहाइमला आईकडे निघाली. वाटेत तेल संपले. पंप कुठला असणार तेव्हा! वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात डाग काढायचे एक द्रव मिळायचे, तेच तिने टाकीत ओतले. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. गाडी लांबवर चालते हे त्या बाईने जगाला दाखवले. त्या एका प्रवासात आणखी एक गोष्ट उघड झाली, ती म्हणजे गाडी एकटी चालत नाही. वाटेवर तेल देणारा, दुरुस्त करणारा, चामडे ठोकणारा असला तरच ती पुढे जाते. मोटारीच्या इतिहासात ज्या ज्या गाडीने नवी वाट पाडली, तिच्यामागे अशा माणसांची रांग उभी राहिलेली दिसते. आपण शेतकरी त्या रांगेत आता कुठे उभे आहोत, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

पुढची मोठी गाडी अमेरिकेच्या हेन्री फोर्डची. त्याची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली तेव्हा किंमत होती ८५० डॉलर. गाडी दणकट, साधी, मातीच्या कच्च्या रस्त्यावर चालणारी, म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनीही ती घेतली. पण खरी करामत १९१३ साली झाली. आपल्या गव्हाणीत पडलेला ऊस कॅरियरवरून आपोआप पुढे सरकतो आणि कटर, मिल आपापल्या जागी उभे असतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. फोर्डने तसेच केले. गाडीचा सांगाडा पुढे सरकत राहिला आणि कामगार जागेवर उभे राहून एकेक भाग बसवू लागले. सांगाडा जुळवायला आधी बारा तासांवर लागत, ते काम दीड तासावर आले. १९१४ साली त्याने कामगाराचा रोज पाच डॉलर केला. १९२५ पर्यंत गाडीची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२७ मध्ये ती बंद झाली तोवर दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या. श्रीमंताची वस्तू सामान्याच्या दारात कशी येते, त्याचा हा पहिला मोठा दाखला.

आपल्या शिवारात मात्र मोटारीचे इंजिन नंतर आले, चाक आधी आले. जॉन डनलॉप या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरने १८८८ साली पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेले रबरी चाक बनवले. ते पुढे मोटारीला लागले. मग जुन्या मोटारीचे आस आणि टायर आपल्या बैलगाडीला लागले आणि लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा जास्त ऊस त्याच बैलजोडीने ओढला. कितीतरी गावांत आजही त्या गाडीला डनलॉपच म्हणतात.

साखरवाला आणि मोटार

हिंदुस्थानात जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत कारखाना घातला, पण तो परदेशातून पेटीबंद आलेले सुटे भाग जोडण्याचा. गाडी इथे बनवावी ही जिद्द धरणाऱ्यांत एक मराठी मुलखातला माणूस होता, आणि तो साखरेच्या धंद्यातला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ते म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. जन्म १८८२ चा. आधी रेल्वेची ठेकेदारी, मग १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या जहाजांतून इंग्रजांशी टक्कर. पुढे नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंबचे माळरान यांवर त्यांनी ऊस उभा केला. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता तिथे यंत्रे बनू लागली. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणारे गाव म्हणून वालचंदनगरचे नाव झाले.

या माणसाने १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेत जाऊन मोटार कंपन्यांशी बोलणी केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार जमवला. युद्ध सुरू होते. सरकारला गाड्या हव्या होत्या, पण त्या इथे बनाव्यात असे इंग्रज सरकारला वाटत नव्हते. परवानगी आणि यंत्रसामग्री यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे अडवून धरले. तेवढ्यात १९४० च्या डिसेंबरात बंगलोरला त्यांनी विमानाचा कारखाना काढलासुद्धा! मोटारीची प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची, ती बंगालकडे. वालचंदशेठ १९५३ मध्ये वारले. सहकारातला आपला पहिला कारखाना प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला होता. त्यांचा ऊस खाजगी कंपनीचा, आपला सभासदांचा, हा फरक आहेच. तरीही उसाच्या पैशातून आणि उसाच्या कामातून आलेल्या अनुभवावर मोटारीच्या धंद्यात उडी घेणारा माणूस म्हणून त्यांचे नाव घेतलेच पाहिजे.

प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली. १९५३ साली सरकारचे धोरण ठरले की, ज्यांना सुटे भाग इथे बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फियाट मात्र हळूहळू इथल्या पोलादाची, इथल्या काचेची, इथल्या टायरची झाली. मुंबई-पुण्याला नट-बोल्टपासून गिअरपर्यंत बनवणारे शेकडो लहानमोठे कारखाने या आणि अशा गाड्यांच्या आधाराने उभे राहिले, आपल्याकडची कितीतरी पोरे तिकडे आयटीआय करून कामाला लागली. माझ्या मते या गाडीचे मोठे काम हेच. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सिनेमात गेली. पण स्पर्धाच नव्हती. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक असल्यावर गाडी सुधारायची कोणाला घाई? साठीच्या दशकातला नमुना थोड्याफार फरकाने २००० सालापर्यंत निघत राहिला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि नोकरदाराच्या घरापुढे मोटार दिसू लागली. तिच्याबद्दल सर्वांनाच माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आपल्याकडचे रस्ते पाहिले तर वाट पाडणाऱ्या गाड्या निराळ्याच निघतात. पहिली जीप. महिंद्र मंडळींनी १९४५ मध्ये मुंबईत पोलादाचा व्यापार सुरू केला आणि १९४९ पासून लढाईतली विलीज जीप इथे जोडायला घेतली. तलाठी-बीडीओपासून पुढाऱ्यापर्यंत सारे तीतून फिरले. त्याच घराण्याने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टर काढला, तो बी-२७५ आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दुसरी गाडी टेम्पो. नगरच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून तीनचाकी काढली. ती इतकी चालली की कंपनीचे नाव आपल्या भाषेत वस्तूचे नाव होऊन बसले. आज कोणत्याही कंपनीची मालगाडी असो, आपण म्हणतो “टेम्पो लावा”. टाटांची ४०७ ही १९८६ ची, आणि २००५ ची एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’. गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या पथकाने पुण्यात तो तयार केला. तीनचाकीला जड आणि ट्रकला हलका असा माल कशात न्यायचा, ही अडचण खेडोपाडी होती. दोन सिलिंडरच्या लहान डिझेल इंजिनावर त्यांनी चारचाकी उभी केली. बाजारच्या दिवशी वाशिम, रिसोड, कारंजा कुठेही जाऊन पाहा, भाजीपाला, शेळ्या, सोयाबीनची पोती, लग्नाचे मांडव सगळे त्याच गाडीत. याच टाटांची एक लाखाची नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली, तिची दुनियाभर वाहवा झाली आणि २०१८ मध्ये ती बंद पडली. हत्तीवर माणूस रोज चार पैसे कमावतो, नॅनोवर कमावण्यासारखे काही नव्हते. मला तरी हे एक कारण दिसते, बाकीची जाणकारांनी सांगावीत.

ब्राझीलची गोष्ट

आता उसाकडे. ब्राझील हा देश ऊस पिकवण्यात जगात पहिला. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा त्या देशाचे कंबरडे मोडायची वेळ आली. १९७५ मध्ये तिथल्या सरकारने उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याची योजना काढली. आणि १९७९ साली फियाट १४७ ही लहान गाडी आली. निव्वळ अल्कोहोलवर चालणारी, कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली ही पहिली मोटार. तिच्या धुराला उसाच्या दारूचा वास येई म्हणून लोकांनी तिला दारूवरूनच टोपणनाव दिले. थंडीत ती चालू होईना, म्हणून सुरुवातीपुरत्या पेट्रोलची छोटी टाकी वेगळी द्यावी लागली. पण गाडी चालली. १९८५ च्या आसपास तिथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींतल्या नऊ अल्कोहोलवरच्या होत्या.

पुढे काय झाले ते आपण नीट लक्षात घ्यावे. तेल स्वस्त झाले, साखरेचा भाव वर गेला. कारखान्यांनी अल्कोहोल कमी करून साखर पाडली. १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोल मिळेना, रांगा लागल्या. ज्यांनी विश्वासाने गाड्या घेतल्या होत्या ते अडकले, आणि काही वर्षांत अल्कोहोलच्या गाड्यांची विक्री जवळजवळ संपली. गिऱ्हाईक एकदा तुटले ते परत यायला २००३ साल उजाडले. त्या साली फोक्सवॅगनची ‘गोल’ नावाची गाडी आली. तिच्यात पेट्रोल भरा, इथेनॉल भरा, दोन्हीचे मिश्रण भरा, इंजिन आपले आपण ओळखून घेते. याला फ्लेक्स गाडी म्हणतात. आता तिथला चालक पंपावर दोन्ही भाव पाहतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. हा सत्तर टक्क्यांचा हिशेब यासाठी की, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. गाडीवाल्याची भीती गेली आणि धंदा पुन्हा उभा राहिला.

आपला हिशेब

आपल्याकडे पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत सुरुवात झाली, पण दहा-अकरा वर्षांनीही प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच घोटाळत होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, २०२५ मध्ये वीस टक्के. २९ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत फ्लेक्स इंजिनाच्या इनोव्हाचा नमुना नितीन गडकरी यांच्या हस्ते पुढे आला. म्हणजे ब्राझीलने २००३ मध्ये टाकलेले पाऊल आपल्याकडे वीस वर्षांनी पडू लागले.

सभासदांना आकडे हवे असतात, म्हणून देतो. शेवटच्या सी-हेवी मळीच्या एका टनापासून सुमारे २२५ लिटर इथेनॉल मिळते. बी-हेवीत थोडी साखर मुद्दाम सोडलेली असते, तिच्या टनाला सुमारे ३०० लिटर. आणि एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलला दिला तर सुमारे ७० लिटर. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडते, तिच्यावर व्याज चढते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्यामानाने लवकर येतात. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, तो पाळायला कारखान्याच्या हातात रोकड लागते.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. बी-हेवी किंवा रस इथेनॉलकडे वळवला की, साखरेचा उतारा कागदावर कमी दिसतो, आणि एफआरपी उताऱ्यावर ठरते. म्हणून वळवलेली साखर हिशेबात धरून उतारा काढावा लागतो. ज्या कोणत्या कारखान्याला आपण ऊस देतो, त्याच्या वार्षिक अहवालात हा दुरुस्त केलेला उतारा दिलेला आहे काय, हे वाचून पाहावे. सभेत विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट ब्राझीलसारखीच. २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी धास्ती निघाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पुढे काही दिवसांत थोडी सूट मिळाली, पूर्ण मोकळीक २०२४-२५ च्या हंगामासाठी झाली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या त्या कारखान्यांना तेव्हा चांगलाच घाम फुटला. त्याच २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मका आणि तांदळाच्या इथेनॉलने उसाच्या इथेनॉलला मागे टाकले. ज्यांच्याकडे पाणी मे महिन्यापर्यंत टिकत नाही त्यांनी इथेनॉलचे नाव ऐकून उसाखाली नवे रान घेऊ नये, हे मी शिवारफेरीत सांगतो तेच इथेही सांगतो. पैनगंगेच्या काठचे, ठिबकवरचे रान वेगळे. बाकीच्यांनी मक्याचा विचार करावा. त्याचे गिऱ्हाईकही आता तीच मोटार आहे.

तिसरी गोष्ट विजेची. पुणे जिल्ह्यात बनणारी टाटांची नेक्सॉन विजेवर चालणारी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, विजेच्या स्कूटरी तर आपल्या तालुक्यालाही दिसतात. इथेनॉल मिसळते पेट्रोलमध्ये, आणि पेट्रोल पितात मोटारसायकली, स्कूटरी आणि लहान मोटारी. विजेकडे सर्वांत आधी वळणारी वाहनेही तीच. आपले गिऱ्हाईक आणि विजेचे गिऱ्हाईक एकच आहे, हे आसवनीसाठी वीस वर्षांचे कर्ज मागताना विसरून चालणार नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे. त्यावरून दहा वर्षांनी जाणाऱ्या शंभर मोटारींतल्या किती पेट्रोलच्या असतील, यावर पैज लावायला मी तयार नाही. म्हणून एकट्या इथेनॉलवर भिस्त ठेवू नये असे मला वाटते. प्रेसमडपासून गॅस करता येतो आणि सीएनजीवर चालणारा ट्रॅक्टर फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवलाही गेला आहे. त्या बाजूनेही कारखान्यांनी पाहिले पाहिजे.

शिवारफेरीत एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, हे इथेनॉल आमच्या ट्रॅक्टरात टाकलं तर चालते काय?” नाही. ट्रॅक्टर डिझेलचा. डिझेल इंजिनात इंधन दाबाने आपोआप पेटावे लागते, इथेनॉल तसे पेटत नाही, डिझेलशी नीट मिसळून राहत नाही आणि पंपाला वंगणही मिळत नाही. कोणी स्वस्तात आणून दिले तरी टाकीत ओतू नये.

मोटारसायकलचा प्रश्न वेगळा. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग वीस टक्के इथेनॉल सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीची जुनी गाडी असेल तर ॲव्हरेज थोडे घटेल, हिशेबाने सहा-सात टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून हंगामात महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्धी टाकी ठेवून सोडू नये, पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट बसते काय ते पाहावे. तेलाची रबरी नळी कडक झाली असेल, चिरा पडल्या असतील किंवा टोकाशी ओल दिसत असेल, तर मेकॅनिककडून बदलून घ्यावी. काम थोडक्या पैशाचे आहे आणि ठिणगीचा धोका टळतो.